बाग कुणाची, पाणी कुणाचं?

बचत गटाच्या बाया सहलीला निघाल्या की गाडी कुठं जाते, हे काही वेगळं सांगायला नको. तुळजापूर, माहूर, पंढरपूर, नाहीतर शेगाव. दर्शन झालं, ओटी भरली, प्रसादाचा पुडा पिशवीत टाकला की परतीची वाट. देवाला जायचं म्हटलं की घरात सहसा कुणी अडवत नाही. पण "आम्ही बाग बघायला चाललो" असं एकदा म्हणून बघा! सासूबाई म्हणतील, "रानात काय कमी झाडं हायेत का?" आणि मालक म्हणतील, "बागेत जाऊन काय करणार?" खरंच, बागेत जाऊन करायचं काय असतं? काहीच नसतं. नुसतं बसायचं असतं. आणि नुसतं बसणं हेच तर आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात, तुरीची रास झाल्यावर, आम्ही नांदेड आणि लातूरच्या काही समन्वयकांनी मिळून गटांची दोन दिवसांची सहल काढली. देवदर्शनाची नाही, बागांची. गाव निवडलं आपल्याच मराठवाड्यातलं, छत्रपती संभाजीनगर. बऱ्याच जणींच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. तिथं आमच्या बायांनी इतके प्रश्न विचारले की परत आल्यावर आम्हाला पुस्तकं उघडावी लागली. त्या प्रश्नांतले दोन सगळ्यात मोठे होते. पहिला प्रश्न, एवढ्या कोरड्या मुलखात या बागांना पाणी आणलं कुठून? आणि दुसरा, या बागा होत्या कुणासाठी? या दोन प्रश्नांच्या मागं मागं गेलं की चारशे वर्षांचा इतिहास आपोआप उलगडत जातो. आज तोच सांगणार आहोत.

सुरुवात पाण्यापासून करू. कारण बाग म्हणजे आधी पाणी, मग झाड.

आज जिथं हे शहर आहे तिथं पूर्वी खडकी नावाचं लहान गाव होतं. नावातच सगळं आलं. खडकाळ जागा, पाण्याची वानवा. १६१० साली मलिक अंबरनं ही जागा राजधानीसाठी निवडली. मलिक अंबर म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर. पण जन्मानं तो इथला नव्हता. तो आफ्रिकेतल्या आजच्या इथिओपिया देशातला. पोरवयातच त्याला गुलाम म्हणून विकलं गेलं. एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकला जात जात तो दख्खनेत पोचला आणि आपल्या अकलेच्या जोरावर राज्याचा कारभारी झाला. मुघलांच्या फौजेला त्यानं गनिमी काव्यानं वर्षानुवर्षं दाद दिली नाही. जमीन मोजून शेतसारा ठरवण्याची त्याची पद्धतही पुढे नावाजली गेली. पण शहराच्या लोकांना त्याचं नाव आठवतं ते नहरीमुळं. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात.

ही नहर आपल्या शेतातल्या पाटासारखी उघडी नाही, ती जमिनीखालून जाते. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीच्या पोटात गोळा करायचं आणि दगड-चुन्याच्या बंदिस्त नाळीतून उताराउतारानं शहरात आणायचं, अशी तिची रचना. मधे मधे वर उघडणारी तोंडं ठेवलेली असत, म्हणजे आत हवा खेळती राहते आणि माणसाला उतरून गाळही काढता येतो. पाणी वाटायला शहरात उंच बंबे बांधलेले होते. मोटार नाही, वीज नाही, डिझेल नाही. फक्त उतार. पाणी उघड्यावर नसल्यानं उन्हानं आटत नाही आणि घाणही होत नाही. मलिक अंबर १६२६ साली वारला. त्याच्या मुलानं, फतेहखानानं, गावाला फत्तेनगर नाव दिलं. १६५३ मध्ये मुघल सुभेदार औरंगजेबानं ते औरंगाबाद केलं. गावाची नावं बदलत गेली, राज्यं बदलत गेली, पण पाणी अंबरच्या वाटेनं येतच राहिलं. पुढच्या काळात तशाच आणखी नहरी खोदल्या गेल्या. शहरातल्या बागा फुलल्या त्या या पाण्यावर.

हे ऐकून आमच्या लातूरच्या बाया गप्प झाल्या. का झाल्या ते तुम्हाला कळेल. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत घागरीच्या रांगेत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना पाणी कुठून आलं हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कुठलीही सुंदर बाग बघितली की आधी फुलं बघू नका, पाण्याची वाट शोधा.

आता बागेत शिरू. या शहरातली सगळ्यात प्रसिद्ध बाग म्हणजे बीबी का मकबरा. आपण तिला इमारत म्हणून ओळखतो, ताजमहालासारखी दिसणारी. पण नीट बघितलं तर ती एक मोठी बाग आहे आणि तिच्या मधोमध कबरीची इमारत आहे. चारी बाजूंनी उंच तटबंदी. आत सरळ वाटा आणि पाण्याच्या नाली, मधे हौद आणि कारंजी. वाटांनी आणि पाण्यानं जागेचे चार भाग होतात, म्हणून या पद्धतीला चारबाग म्हणतात. ही रीत इराणमधून आली. तिकडंही आपल्यासारखाच रखरखीत मुलूख. बाहेर वाळवंट आणि भिंतीच्या आत सावली, पाणी, फळझाडं. त्यांच्या लेखी स्वर्ग म्हणजे अशीच बाग. काश्मीरच्या शालीमार बागेपासून आग्र्याच्या ताजमहालापर्यंत हाच नमुना दिसतो. आणि त्या बागांबरोबर शब्दही आपल्याकडं आले. बाग, बगीचा, हौद, गुलाब हे शब्द आपण रोज वापरतो, ते याच वाटेनं मराठीत आले. मळा, परस, वाफा हे आपले. "परसबाग" या शब्दात तर दोन्ही एकत्र नांदतात.

मकबरा कुणाचा? औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचा. मृत्यूनंतर तिला राबिया-उद-दौरानी ही पदवी मिळाली. मकबऱ्याच्या बांधकामाशी तिचा मुलगा आझमशहा याचंही नाव जोडलं जातं. पण आमच्या बायांनी विचारलं, "ती मेली कशानं?" या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पुढं सापडलं. सप्टेंबर १६५७ मध्ये तिला पाचवं मूल झालं, मुलगा, अकबर. त्यानंतर महिनाभरात, ऑक्टोबरमध्ये ती गेली. बाळंतपणातून ती उठलीच नाही. आणि ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती मुमताज महल? ती १६३१ साली बुऱ्हाणपूरला गेली, चौदाव्या बाळंतपणात. म्हणजे सासूही बाळंतपणातच गेली आणि सूनही. हिंदुस्थानातल्या दोन देखण्या बागा उभ्या आहेत त्या बाळंतपणात गेलेल्या दोन बायांच्या कबरीभोवती.

शाळेच्या पुस्तकात आपण वाचलं की बादशहाचं प्रेम अमर झालं. त्या बाईच्या अंगावरून काय गेलं, ते कुणी लिहिलं नाही. बादशहाच्या घरात हकीम होते, दाया होत्या, पैशाला तोटा नव्हता, तरी जीव वाचला नाही. तेव्हाच्या जगात बाळंतपणाच्या तापाला औषधच नव्हतं. आज आहे. आपल्या गावात आशाताई आहे, रुग्णवाहिका आहे, दवाखान्यात बाळंतपण होतं. गरीब घरातल्या आईला दवाखान्यात जायला मदत व्हावी म्हणून २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे. सतराव्या शतकातल्या राणीला जे मिळालं नाही, ते आज वाडी-तांड्यावरच्या लेकीला मिळू शकतं. मात्र त्यासाठी ते वेळेवर मागावं लागतं. मकबऱ्यात संगमरवरी जाळीच्या कठड्यावरून खाली वाकून कबर बघायची असते. तिथं आमच्या बायांनी पैसे टाकले नाहीत, नवस केला नाही. एकीनं फक्त म्हटलं, "लेकरू महिन्याचं असंल की गं तवा." बस्स, एवढंच.

आता थोडं हिशेबाचं, कारण आपण गटवाल्या बाया. या मकबऱ्याला किती खर्च आला याची नोंद गुलाम मुस्तफा यांच्या 'तारीखनामा' या ग्रंथात आहे. ६ लाख ६८ हजार २०३ रुपये आणि ७ आणे. वरचे सात आणेसुद्धा सोडलेले नाहीत! आपल्या गटाच्या रोकडवहीसारखा चोख हिशेब. मुख्य दरवाजावर दोन नावं कोरलेली आहेत. एक वास्तुकार अताउल्ला, दुसरे अभियंता हंसपत राय. अताउल्ला हे ताजमहालाच्या कामाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरींचे चिरंजीव. एक मुसलमान, एक हिंदू, दोघांची नावं एकाच दारावर. पण चुना मळणारी, दगड वाहणारी, रोपांना पाणी घालणारी माणसं? त्यांची नावं कुठल्याच दारावर नाहीत. सात आण्यांची नोंद आहे, पण त्यांची नाही. म्हणून आम्ही गटाच्या प्रशिक्षणात सांगत असतो, की बाई, वहीत तुझं नाव नीट घाल आणि सही कर. ज्याची नोंद नाही त्याचं काम नंतर कुणाला दिसत नाही.

मकबऱ्यापासून जवळच पाणचक्की आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या बायांना मकबऱ्यापेक्षा पाणचक्कीच जास्त आवडली. तिथं बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काही कोसांवरून खापरी नळांतून इथं आणलं. ते उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून मोठ्या हौदात सोडलं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. १७४४ च्या सुमाराची ही चक्की. तिच्यावर दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी आणि अनाथांसाठी पीठ दळलं जायचं. आणि गंमत बघा, हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. भर उन्हाळ्यात आत गारवा. बाहेर हौदाच्या कडेला भला मोठा जुना वड.

हे बघताना आमच्या सोबतच्या आज्जी जात्याजवळ बराच वेळ थांबल्या. त्यांनी हातानं दळलेलं आहे, पहाटे तीनला उठून, पायलीच्या पायली. त्यांनी हिशेब घातला, "तीनशे वर्षांपूर्वी पाण्यावर दळण होत होतं, मग आमच्या आयांनी हातानं कामून दळलं?" आम्ही काय उत्तर देणार? उत्तर एवढंच, की युक्ती सापडली म्हणजे ती सगळ्यांना मिळाली असं होत नाही. पाणचक्की दर्ग्याला होती, गावाला नव्हती. गावागावांत पिठाची गिरणी येईपर्यंत मराठवाड्यातल्या बायांनी आणखी दोनशे वर्षं जातं ओढलं. आज एखाद्या गटानं कर्ज काढून गिरणी टाकली तर तो नुसता धंदा नसतो. त्या गावातल्या बायांच्या पहाटा त्यामुळं मोकळ्या झालेल्या असतात.

तिसरी बाग हिमायत बाग, दिल्ली दरवाजाजवळ. ही सतराव्या शतकातली, तीनशे एकरांच्या आसपासची. आंबा, चिंच, जांभूळ, पक्षी, मोर. एकेकाळी राज्यकर्त्यांच्या विसाव्याची जागा. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, आणि अशा कितीतरी जागांचं रूप पालटलं. आज हिमायत बागेत फळ संशोधन केंद्र आहे, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. हे विद्यापीठ १९७२ सालचं. म्हणजे जिथं सरदार-दरकदार हवा खायला येत, तिथं आज शेतकऱ्यासाठी फळझाडांचा अभ्यास होतो. आम्हाला हा बदल फार मोठा वाटतो.

बागेची शाळा व्हावी ही कल्पना जगात इतर ठिकाणीही आहे. इटली देशात पादुआ नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या विद्यापीठानं १५४५ साली औषधी झाडांची बाग लावली, कारण वैद्यकी शिकणाऱ्या मुलांना खरी वनस्पती आणि खोटी वनस्पती ओळखता यावी. ती बाग आजही त्याच जागी आहे. त्याच देशात फ्लोरेन्स हे शहर आहे. तिथं एलिओनोरा नावाच्या राणीनं १५४९ मध्ये एक वाडा विकत घेतला आणि त्याच्या मागं डोंगरउतारावर बोबोली नावाची बाग उभी राहिली. जगभरातून माणसं ती बघायला जातात. पण सामान्य लोकांसाठी तिचं दार उघडलं १७६६ साली. म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळ ती फक्त राजघराण्याची होती. तेव्हा हे फक्त आपल्याकडचंच नाही. सगळीकडं बाग आधी राजाची होती आणि "सार्वजनिक" हा शब्द तिला फार उशिरा लागला.

आपल्याकडं तर त्या शब्दासाठी लढावं लागलं. बाग राहू द्या, पाण्यासाठीसुद्धा लढावं लागलं. २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते तळं कागदोपत्री सगळ्यांचं होतं. गुरंढोरं पाणी पीत होती, पण काही माणसांना मनाई होती. सार्वजनिक म्हणजे काय, हे त्या ओंजळीनं शिकवलं. त्याच बाबासाहेबांनी पुढं याच औरंगाबाद शहरात १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्या परिसराला नाव दिलं नागसेनवन. राजा मिलिंदाच्या प्रश्नांना उत्तरं देणारे भिक्खू नागसेन, त्यांचं वन. ज्यांना शाळेच्या दारात उभं केलं जात नव्हतं, त्यांच्या लेकरांनी तिथं शिक्षण घेतलं. आमच्या सहलीत आम्ही हा परिसरही बघितला. शहरातल्या बागांच्या यादीत त्याचं नाव सहसा नसतं, आमच्या यादीत आहे.

आता शेवटची बाग, आणि ही खरोखर सामान्य जनतेसाठीच बांधलेली. पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर हे मोठं उद्यान लावलं. रंगीत कारंजी, हिरवळ, फुलांचे ताटवे. आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या ज्यांनी शाळेच्या सहली केल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी ते बघितलं असेल. इथं कुठला राजा नव्हता, कुणाची कबर नव्हती. पण पाण्याचा प्रश्न इथंही विचारायलाच हवा. नाथसागराच्या पाण्याखाली अनेक गावं गेली. घरं गेली, देवळं गेली, काळ्याभोर जमिनी गेल्या. त्या गावांतल्या बायांनी दुसरीकडं जाऊन पुन्हा चुली मांडल्या. त्यांच्या त्यागावर मराठवाड्याची शेती भिजते आणि शहरं पाणी पितात. तीच गोदावरी पुढं परभणी जिल्ह्यातून आपल्या नांदेडला येते.

आणि सगळ्यांसाठी बांधलेल्या या उद्यानाचं पुढं काय झालं? देखभाल कमी पडली, कारंजी बंद पडली, हिरवळ वाळली आणि कितीतरी वर्षं ते उद्यान दुर्दशेत राहिलं. राजाच्या बागेला राजाचा धाक होता, माळी वेळेवर यायचा. लोकांच्या बागेला लोकांचा धाक हवा. तो आपण धरला नाही की "सगळ्यांचं" म्हणजे "कुणाचंच नाही" होऊन बसतं. आपल्या गावातल्या सार्वजनिक नळाचं, समाजमंदिराचं, शाळेच्या मैदानाचं हेच होतं, हे आपण रोज बघतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं परत येऊ. बसायला कुणाला मिळालं? सहलीत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बागेत गेल्यावर आमच्या बाया बसेचनात. फिरल्या, झाडांची पानं चोळून वास घेतला, कुठल्या झाडाचं रोप घरी नेता येईल याची चौकशी केली, डबे उघडून जेवल्या. पण जेवण झालं की लगेच पिशव्या आवरल्या. "झालं बघून, चला." आम्ही म्हटलं, अजून दोन तास आहेत, बसा. तेव्हा लोहा तालुक्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, नुसतं बसायचं म्हणजे कसं वाटतंय, काहीतरी चोरल्यासारखं." सगळ्या हसल्या. आणि मग खरंच बसल्या. कुणी झाडाला टेकून, कुणी पाय लांब करून. एकीला झोप लागली. तिच्या सुनेनं सांगितलं, आत्याबाईंना दिवसा झोपलेलं मी पहिल्यांदाच बघतेय.

विचार करा, आपल्या गावात बसायच्या जागा कुणाच्या आहेत? पारावर पुरुष. चावडीवर पुरुष. हॉटेलात, पानटपरीवर पुरुष. बाईला भेटायची जागा होती ती पाणवठा आणि नदीचा घाट, आणि तिथंही हात कामात. आता नळ दारात आला, चांगलंच झालं, डोक्यावरची घागर उतरली. पण तो पाणवठ्यावरचा बोलण्याचा तासही गेला. त्याची जागा थोडीफार आपल्या गटाच्या बैठकीनं घेतली. पण बैठकीत हप्ते असतात, वसुली असते, ठराव असतो. नुसतं बसायची जागा अजून नाहीच.

आणि गंमत म्हणजे बाग लावायला मात्र बाईच पुढं! 'उमेद'च्या पोषण परसबाग मोहिमेत किती जणींनी न्हाणीचं पाणी वळवून मेथी, पालक, शेवगा, कढीपत्ता लावला, ते आम्ही डोळ्यांनी बघतोय. मलिक अंबरनं डोंगराचं पाणी शहरात आणलं, आणि आपण मोरीचं पाणी वाफ्यात आणलं. अक्कल तीच आहे, फक्त माप लहान आहे. माळीण आपणच, पण सावलीत बसणारी आपण नाही, हे आता बदलायला हवं.

कसं बदलायचं? आमच्या काही सूचना आहेत, तुमच्याही असतील. पहिली, गटाची पुढची सहल ठरवताना एक दिवस बागेसाठी ठेवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. नांदेडहून जाणाऱ्या मैत्रिणींना परभणी, जालना मार्गे रेल्वेही आहे. लातूरकर बायांना आंबाजोगाई, बीड मार्गे एसटी. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना पंधरा वर्षांखालच्या मुलांचं तिकीट लागत नाही, तेव्हा लेकी-नातींना बरोबर घ्या. इतक्या लांब जमत नसेल तर नांदेडात गोदाकाठ आहे, कंधारचा किल्ला आणि तिथला तलाव आहे, लातूर जिल्ह्यात औसा आणि उदगीरचे किल्ले आहेत. जिथं जाल तिथं पाण्याची वाट शोधा. किल्ल्यातल्या बारवा आणि हौद बघा आणि मुलींना विचारा, हे पाणी इथं कसं आलं असेल?

दुसरी सूचना गावासाठी. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हे आपल्याला माहीत आहे. तिथं दारूबंदी, शौचालय, रेशन हे विषय येतात, यायलाच हवेत. त्याबरोबर एक ओळीचा ठराव आणखी मांडा, की गावातल्या एका सार्वजनिक जागेत सावलीची झाडं, चार बाकं, एक दिवा आणि जवळ बायांसाठी स्वच्छतागृह असावं. झाडं लावणं आणि जगवणं रोजगार हमीच्या कामात बसतं का, हे ग्रामसेवकांना विचारा. आणि ठरावातच लिहा की पाणी कुठून येणार, कोण घालणार, आणि देखभालीची वही कुणाकडं राहणार. पैठणच्या उद्यानानं शिकवलेला धडा विसरायचा नाही. आणि ती जागा गावातल्या प्रत्येक वस्तीतल्या बाईला सारखीच मोकळी असेल, हेही त्याच ठरावात यायला हवं. नाहीतर तो आणखी एक पारच होईल.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि हा विषय बोला. तुमच्या गावात बाईला नुसतं बसायला कुठली जागा आहे, ते एका कागदावर लिहा आणि आपल्या समन्वयकांकडं द्या. जागा असेल तर तिचं नाव लिहा. नसेल तर "नाही" असं लिहा, पण कागद कोरा पाठवू नका. आलेल्या चिठ्ठ्या आम्ही पुढच्या भाषणात वाचून दाखवू. तोवर परसबागेला पाणी घाला, आणि घालून झालं की दोन घटका तिथंच टेका.